ऐकणे : उत्तम

पोलीच्या इंग्रजीच्या वर्गात आलेला नवा माणूस पहिल्या दिवशी हसतोच. समोर फळा आहे, टेबल आहे, टेबलावर टेपरेकॉर्डर आहे, पण शिकवणारी बाई कुठे दिसत नाही. खोलीच्या मधोमध निळ्या रेघांची एक चादर टांगलेली असते आणि तिच्या मागून आवाज येतो, "पुस्तकं मिटा. पेनं खाली ठेवा. ऐका." एखादा वात्रट असतोच. तो म्हणतो, "मिस, आंघोळ चाललीय का?" नवे खिदळतात. जुने त्याला कोपर मारतात आणि मग तोही गप्प बसतो.

ती चादर माझी आहे. माझ्या नाहुमच्या खाटेवरची. खिळे मीच ठोकले. गावात म्हणतात, पोलीला वय झाल्यावर नसते चाळे सुचायला लागले. त्याहून वाईटही म्हणतात. मी कुणाचं तोंड धरत नाही. का धरत नाही तेच सांगायला बसले आहे, आणि बसले आहे तर सगळंच सांगेन.

पोलिकार्पिया नोरालेस माझी मावसबहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चोविसाव्या वर्षी ती एका प्रवासी जहाजावर केबिनी साफ करायला गेली आणि नऊ वर्षं तिथे राबली. जहाजावर मुकादमीण समोर उभी राहून सांगत नसे. भिंतीवर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यातून इंग्रजीत हुकूम यायचे. पोलीला पहिलं वर्षभर त्यातलं काडीचंही कळत नव्हतं. ती प्रत्येक हुकमाला "येस" म्हणायची. आम्हा गारीफुना लोकांची ही जुनीच सवय. मोठं माणूस बोलत असताना "कळलं नाही" म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. लहानपणी त्यासाठी आमच्या पाठीत धपाटे बसलेत. त्यामुळे या किनाऱ्यावर कळो न कळो, माणूस मान हलवतो आणि हो म्हणतो.

एके दिवशी पेटीने सांगितलं की अमुक दोन बाटल्यांतली साफसफाईची औषधं बंद न्हाणीघरात एकत्र वापरू नका. पोली म्हणाली, येस. आणि दोन्ही एकत्र ओतली. वाफेने गुदमरलेल्या तिला दार फोडून बाहेर काढावं लागलं. अजूनही ती चर्चच्या चार पायऱ्या चढली की कठड्याला धरून उभी राहते. "तोंड आपोआप शिकतं गं, क्लेमे," ती मला म्हणायची, "कानाला शिकवावं लागतं. आणि कुणी शिकवतच नाही."

परत आल्यावर तिने घरामागच्या पडवीत वर्ग सुरू केला. आमची निम्मी पोरं जहाजांवर जातात, त्यामुळे विद्यार्थ्यांना तोटा नव्हता. शाळेत इंग्रजी शिकून आलेला मुलगा फळ्यावरचं सगळं वाचायचा, पण पोलीने टेप लावली की त्याचा मासा व्हायचा, नुसती तोंडाची उघडझाप. टेपा तिने जहाजावरच भरून आणल्या होत्या. एक ग्रीक कप्तान, एक फिलिपिनो स्वयंपाकी, एक भारतातला इंजिनिअर, जो प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळायचा. तिची पद्धत ठरलेली होती. पहिल्यांदा ऐकताना शब्दांकडे लक्षच द्यायचं नाही. बोलणारा म्हातारा की तरुण, चिडलेला की घाबरलेला, आत आहे की उघड्यावर, एवढंच सांगायचं. दुसऱ्यांदा ऐकताना काम काय सांगितलं ते. तिसऱ्यांदा हुकूम जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा, आणि परत म्हटल्याशिवाय हात उचलायचा नाही. न कळता जो "येस" म्हणेल त्याने उभं राहून दहा वेळा म्हणायचं, "ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." मोठमोठे बाप्ये हे म्हणताना लाजेने लाल व्हायचे.

आणि गोंगाट तर हवाच. जहाजावर शांतता कुठली? मी पडवीच्या दारात बसून कसाव्याची मुळं किसायचे, भाकरीसाठी. पोली आतून ओरडायची, "क्लेमे, जीव नाही का हातात? जोरात कीस!" मी किसणी अशी घासायचे की दात शिवशिवले पाहिजेत. वर पत्र्यावर पाऊस आला तर ती खूश.

ला सेइबा शहरातल्या, जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला तिच्या पोरांची किंमत कळली. पोली नोरालेसची सही असलेला दाखला म्हणजे पुढे परीक्षा नाही, थेट जहाज. दाखल्यावर चार रकाने होते, वाचणे, लिहिणे, बोलणे, ऐकणे. पहिल्या तिघांकडे कुणी ढुंकून बघत नसे. माझं अक्षर चांगलं म्हणून रकाने मी भरायची, पोली खाली सही करायची. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी सेफेरिनो आला. सेफेरिनो बातिस, वय सव्वीस, बाप आमच्यातला, आई मिस्किता लोकांतली. तिकडे पूर्वेला मोस्कितियाच्या समुद्रात तो सहा वर्षं पाठीला हवेची टाकी बांधून शेवंडं काढायला बुडी मारत होता. खोलातून घाईने वर येऊन येऊन त्या धंद्यात माणसं कशी होतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा थोरला भाऊ कमरेपासून खाली लुळा पडला होता, तो दारात खुर्चीवर बसून जाळी विणायचा. सेफेला बायको होती, दोन मुली होत्या. त्याला जहाजावर जायचं होतं, पाण्याच्या वर, एवढंच तो म्हणायचा.

राहायला तो माझ्याकडे होता. नाहुमच्या खोलीत झोळी बांधली. नाहुम माझा एकुलता एक, बाविशीतला, आळशी, हसरा, बापासारखा लांब हातांचा. तोही त्याच वर्गात होता. दोघांची जोडी चांगली जमली.

सेफे वर्गात सगळ्यांत आधी येऊन पुढच्या बाकावर बसायचा. पोलीच्या तोंडावरून नजर हलवायचा नाही. वर्गाला तेवढंच हवं होतं.

"आई, आपला सेफे मिसच्या प्रेमात पडलाय," नाहुम जेवताना म्हणाला.

"पन्नाशीची आहे रे ती."

"म्हणून तर! जुना नारळ, खोबरं जास्त."

सेफेने ताटातून मान वर करून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग तोही हसला, जरा उशिराने. मला वाटलं, लाजाळू आहे.

मला बरंच काही वाटायचं. एकदा सगळे जेवायला बसलो असताना सेफेच्या मागे पत्र्यावर नारळ पडला. धाडकन. माझ्या हातातलं पातेलं सुटलं, त्यातलं कालवण, आमचा हुदुतु, अंगणभर झालं, नाहुम उडी मारून उभा राहिला. सेफे केळ्याचा गोळा माशाच्या रश्शात बुडवत होता, तो बुडवतच राहिला. नाहुम म्हणाला, "काळीज बघ आई, वाघाचं!" मीही कौतुक केलं. मागून हाक मारली की तो यायचा नाही. मी समोर जाऊन म्हणायचे, "राजे, निमंत्रणपत्रिका छापू का?" तो कान चोळत म्हणायचा, "पाणी गेलंय, मावशी." रोज कुणाच्या कानात पाणी जातं?

आणि दारात बसून मी आणखी एक गोष्ट पाहत होते. टेप लागली की पोलीचे ओठ हलायचे. वीस वर्षं त्याच टेपा ऐकून तिला प्रत्येक वाक्य पाठ होतं. चर्चमध्ये म्हाताऱ्या पाद्र्याबरोबर पुटपुटतात तशी ती त्या ग्रीक कप्तानाबरोबर आवाज न करता बोलायची. तिला त्याचा पत्ताही नव्हता. मला मजा वाटायची. हे दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी कसावा किसत बसले.

शेवटच्या आठवड्यात मी दाखले भरून ठेवले. सेफेचे गुण सर्वांत वर, म्हणून त्याच्या ऐकण्याच्या रकान्यात टपोरं "उत्तम" लिहिलं. नाहुमच्या रकान्यात "उत्तीर्ण". मी पोलीशी त्यावरून भांडलेही. माझ्या घरचा भाडेकरू उत्तम आणि माझा मुलगा नुसता उत्तीर्ण! "तुझा मुलगा टेप चालू असताना खिडकीतून पोरी बघतो," पोली म्हणाली.

शेवटच्या दिवशी पोलीची दाढ सुजली. गाल भोपळ्यासारखा, अंगात ताप. तरी वर्ग बंद ठेवेल ती पोली कसली. दाढेत लवंग धरली, नाकाखालून हनुवटीपर्यंत फडकं गुंडाळून मागे गाठ मारली आणि टेप लावली. ग्रीक कप्तान बोलला. पोलीने सेफेकडे बोट केलं. रोजच तोच पहिला असायचा.

सेफे तिच्याकडे बघत होता. तिच्या फडक्याकडे. त्याच्या कपाळावर घाम आला.

पोलीने फळ्यावर लिहिलं, म्हातारा की तरुण?

"येस, मिस," सेफे म्हणाला.

वर्ग हसला. सगळ्यांना वाटलं, शेवटच्या दिवशी गंमत करतोय. पोली हसली नाही. तिने टेप मागे नेऊन पुन्हा लावली.

"येस, मिस. येस."

माझी किसणी थांबली. पोलीने हाताने खूण करून सगळ्यांना बाहेर काढलं. नाहुम जाता जाता म्हणाला, "चला रे, नवरा-नवरीला बोलू द्या." सेफे उठायला लागला, तर पोलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. मग ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली, फडकं खाली ओढलं, आणि चार पावलांवरून, सगळ्या सुजेसकट, खणखणीत आवाजात म्हणाली, "सेफेरिनो, तुझ्या मुलीला साप चावलाय."

सेफे रिकाम्या फळ्याकडे बघत बसला होता. गुडघ्यावर हात, पाठ सरळ, शहाण्या विद्यार्थ्यासारखा.

पोली हळूहळू चालत त्याच्या समोर आली आणि बाकावर बसली.

"किती दिवसांपासून?" तिने विचारलं.

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि त्याला कळलं की तिला कळलं. "चार वर्षं. बुड्या मारून मारून डावा कान पूर्ण गेला. उजव्याने कुणी जवळ येऊन ओरडलं तर कळतं."

"डॉक्टरने तपासलं नाही?"

"तपासलं. ऐकू येतं का म्हणाला. मी हो म्हणालो."

"आणि टेप?"

"तुम्ही बोलताच की, मिस. टेपबरोबर. तोंडाने." तो ओशाळा झाला. "मला वाटलं, माझ्यासाठीच करता."

पोलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिला लहानपणापासून ओळखते, आई मेली तेव्हा पाहिलंय, पण असा चेहरा नव्हता पाहिला. वीस वर्षं ती ज्या न ऐकता म्हटलेल्या 'येस'शी झगडली तो तिच्याच ओठांवरून चालला होता.

"मी सही करू शकत नाही," ती म्हणाली.

सेफे भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "ठीक आहे, मिस. सोमवारी शेवंडांची बोट निघतेय. मुकादम मला ओळखतो. परत टाकी लावतो." मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ म्हणाला होता, जाऊ नको. पण भाऊ खुर्चीत बसून काहीही म्हणू शकतो."

इथे मी तोंड घातलं. कुणी विचारलं नव्हतं. "सही कर, पोली," मी म्हणाले. "डेकवर काय, गंज खरवडायचा, रंग द्यायचा, पाणी मारायचं. त्याला कान कशाला?"

"डेकवर कानच लागतात, क्लेमे. मागून येणारं सगळं कानानेच कळतं."

"मग काय त्याला पाण्याखाली मरू देतेस?"

पोली माझ्याकडे बघून म्हणाली, "पाण्याखाली तो एकटा मरेल."

मला इतका राग आला की मी किसणी भिंतीवर फेकली. तिला निर्दय म्हणाले. तिला ना नवरा ना मूल, तिला काय कळणार, असंही म्हणाले. माझ्या हातचं जेवला होता तो सहा महिने. त्याच्या मुलींचे फोटो माझ्या आरशात खोचलेले होते. एवढं बोलल्यावर पोलीची मान खाली गेली.

तिने सेफेचा चेहरा हनुवटीला धरून आपल्याकडे वळवला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. पहिल्याच दिवशी तांडेलाला, डेकच्या मुकादमाला, सांगायचं की मला कमी ऐकू येतं. वॉकीटॉकी हातात घ्यायचा नाही. दोर ओढणाऱ्या यंत्राजवळ, त्या विंचपाशी, उभं राहायचं नाही. "हो मिस," सेफे म्हणाला. "हो मिस. हो मिस." तीन वेळा. पोलीने त्याच्याकडून एकही गोष्ट परत म्हणवून घेतली नाही. तापात होती, आणि मी तिला बोलून बोलून अर्धमेली केली होती.

मग ती मला म्हणाली, "त्याचा दाखला नवा भर. ऐकण्यात नुसतं उत्तीर्ण लिही. उत्तीर्ण बघितलं की रंगाच्या डब्याशी ठेवतात. उत्तम बघितलं की हातात वॉकीटॉकी देतात. कळलं ना?"

मी "हो" म्हणाले.

घरी येऊन पाहिलं तर कोरा दाखला एकही शिल्लक नव्हता. एजन्सी मोजून पाठवायची. ला सेइबाला जाऊन आणायचा तर आख्खा दिवस जाणार, आणि दोघांना सकाळच्या बसने निघायचं होतं. मी चाकूच्या टोकाने "उत्तम" खरवडून बघायला घेतलं, पण कागद पातळ होता. खाडाखोड दिसली तर एजन्सी दाखला तोंडावर फेकेल आणि हा जाईल परत टाकी लावायला. मी चाकू खाली ठेवला. मनात म्हटलं, एका शब्दाने काय होतंय.

पोली अंथरुणात होती, एक डोळा सुजेने बंद. मी पाटीवर दाखले ठेवून पेन तिच्या हातात दिलं.

"बदललंस ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिने सही केली.

दोघांना एकच जहाज मिळालं. मी मेणबत्ती लावली. नाहुमला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि म्हटलं, "त्याच्या उजव्या अंगाला राहा. तू त्याचा कान हो." नाहुम पहिल्यांदाच न हसता माझ्याकडे बघत होता. मग हसला. "म्हणजे मिसवर प्रेम नव्हतंच! बिचारी मिस."

पत्रं यायची. पहिल्या पत्रात होतं, सगळं ठीक, जेवणात बटाटेच बटाटे, सेफे माझ्या हाताच्या खुणांवर काम करतो, कुणाला संशय नाही. म्हणजे सेफेने तांडेलाला सांगितलं नव्हतं. पोलीने विचारलं, "रंगाच्याच कामावर आहे ना?" मी हो म्हणाले.

तिसऱ्या पत्रात नाहुमने लिहिलं होतं, कप्तानाने सगळ्यांचे दाखले काढून बघितले. सेफेच्या कागदावर ऐकणे उत्तम आहे म्हणून मागच्या डेकचा वॉकीटॉकी आणि विंच त्याच्याकडे दिलं. सेफे नको म्हणणार होता, पण कप्तान समोर उभा होता म्हणून हो म्हणाला. तू काळजी करू नको, मी जवळच असतो.

ते पत्र मी पिठाच्या डब्यात ठेवलं. पोलीला दाखवलं असतं तर तिने त्याच दिवशी एजन्सीत जाऊन ओरडून सांगितलं असतं. जहाजाला निरोप गेला असता. सेफेला उतरवलं असतं, आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. मी रोज पीठ काढताना ते पत्र बघायची आणि झाकण लावायची. एकोणीस दिवस.

फेब्रुवारीत, दुपारी, मी कसावा किसत असताना फाटकाशी पाद्री आणि एजन्सीचा माणूस येऊन उभे राहिले. दोघे एकत्र कशाला येतात हे या गावात बायकांना सांगावं लागत नाही. मी किसतच राहिले. मला वाटलं, आवाज चालू आहे तोवर त्यांना बोलता येणार नाही.

उत्तरेकडचं एक थंडीचं बंदर. जहाज धक्क्याला बांधत होते. सेफे विंचपाशी, वॉकीटॉकी हातात, आणि नाहुम दोराच्या दुसऱ्या टोकाकडे, कारण त्या दिवशी एक माणूस आजारी होता आणि त्याच्या जागी नाहुमला पाठवलं. दोर अडकला. तांडेल वॉकीटॉकीवरून म्हणाला, थांब. तीनदा म्हणाला. नाहुमही ओरडला. सेफेची त्यांच्याकडे पाठ होती. विंच दोर ओढत राहिलं, आणि ताणलेला दोर तुटून आला तो नाहुमच्या छातीवर.

शवपेटी यायला तीन आठवडे लागले. नऊ दिवसांची प्रार्थना झाली, ढोल वाजले, बायकांनी भाकऱ्या भाजल्या, मी कशालाच हात लावला नाही. दहाव्या दिवशी एजन्सीचा माणूस चौकशीचे कागद घेऊन पोलीकडे आला. वर सेफेच्या दाखल्याची नक्कल होती. मी तिथेच बसले होते. पोलीने चष्मा लावून नक्कल वाचली. ऐकणे, उत्तम. अक्षर माझं, टपोरं.

तिने चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"ही सही तुमची?" त्याने विचारलं.

"माझी."

"त्याला ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"तरी उत्तम?"

"सही माझी आहे," पोली म्हणाली. "पुढे विचारा."

मी तिथे बसले होते. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता, आणि मी ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गावाने पोलीला धरलं. बायका तिच्या अंगणावरून जाताना थुंकायच्या. मला येऊन सांगायच्या, "तुझ्याच बहिणीने तुझा मुलगा खाल्ला गं." मी ऐकून घ्यायची. एजन्सीने तिच्या दाखल्यांना नकार दिला. तरी हळूहळू पोरं येतच राहिली, कारण कान शिकवणारं दुसरं कुणी नाही. त्यांची परीक्षा आता शहरात होते, सही परकी असते. वर्ग पुन्हा भरला त्या दिवशी पोली माझ्या दारात आली. एवढंच म्हणाली, "क्लेमे, तोंड झाकेल असं काहीतरी दे." मी नाहुमच्या खाटेवरची चादर ओढून काढली आणि हातोडी घेतली. आम्ही त्या दाखल्याबद्दल कधीच बोललो नाही. ती मला अजून सांगते, जोरात कीस.

सेफे वर्षाने आला. वाळला होता, केस पांढरे झाले होते. फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा राहिला. आत ये म्हटलं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "मला हवं ते बोला. मी ऐकून घ्यायला आलोय."

तो माझ्या ओठांकडे बघत होता, पोलीकडे बघायचा तसाच, पापणी न हलवता. मला त्याची कीव आली आणि त्याला मारावंसंही वाटलं. मग मी हात वर केला आणि तोंडावर ठेवला, नाकाखालपासून हनुवटीपर्यंत. हाताआडून, जवळच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, मी त्याला सगळं सांगितलं. पोलीने उत्तीर्ण लिहायला सांगितलं होतं. उत्तम मी ठेवलं. नाहुमचं पत्र मी पिठाच्या डब्यात लपवलं. यात तुझी तेवढी चूक नाही, पोलीची तर नाहीच.

आजवर मी हे त्याच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

तो माझ्या हाताकडे बघत उभा होता. मी बोलायचं थांबले हे त्याला माझ्या खांद्यांवरून कळलं असावं. त्याने मान हलवली.

"हो, मावशी," तो म्हणाला. "हो."